देलेरे: मेणाच्या पाटीपासून कार्थेजपर्यंत

संगणकावरच्या ‘डिलीट’चं मूळ लॅटिनमधल्या ‘देलेरे’ या क्रियापदात आहे. त्याचे अर्थ दोन: लिहिलेलं पुसणं आणि समूळ नष्ट करणं. मराठीत पाटीही पुसतात आणि गावाचं नावनिशाणही, त्यामुळे ही जोडी आपल्याला खटकत नाही.

रोमन माणसाची रोजची वही म्हणजे मेण भरलेली लाकडी पाटी. लेखणीचं एक टोक अणकुचीदार, दुसरं चपटं. चुकलं की लेखणी उलटी धरायची आणि मेण सारखं करायचं. म्हणून ‘लेखणी उलटवणे’ म्हणजे मजकूर दुरुस्त करणे. वाचनीय लिहायचं तर ती वारंवार उलटवा, असं कवी होरेसनं बजावलं आहे. ‘देलेरे’चं नातं ‘लिनेरे’, म्हणजे माखणे, याच्याशी असावं असा एक तर्क आहे. या पाटीकडे पाहिलं की तो पटतो.

दुसरा अर्थ गाजला तो थोरला केटो या रोमन राजकारण्यामुळे. विषय कोणताही असो, सिनेटमधल्या भाषणाचा शेवट तो कार्थेज या उत्तर आफ्रिकेतल्या, रोमच्या प्रतिस्पर्धी नगरीच्या नाशाच्या मागणीनं करी. त्यातलं ‘देलेन्दा’ हे रूप आपल्याला सहज कळेल, कारण ते ‘वंदनीय’, ‘कर्तव्य’ यांच्याच जातीचं आहे: जिला नष्ट करायलाच हवं अशी. केटो इ.स.पू. 149 मध्ये वारला. कार्थेज पडलं 146 मध्ये. (तिथं मीठ पेरल्याची गोष्ट मात्र मागाहून चिकटली; प्राचीन लेखकांत ती नाही.) ‘कार्थागो देलेन्दा एस्त’ हे आज तोंडी असलेलं वाक्यही प्राचीन ग्रंथांत नेमक्या या शब्दांत सापडत नाही.

चर्मपत्रावरची शाई मेणासारखी सारखी करता येत नसे, ती खरवडावी लागे. त्यासाठी ‘एरादेरे’ हा शब्द. इंग्रजी ‘इरेज’ त्यातूनच आला. खरवडूनही अक्षरं उरतात. रोमन वक्ता सिसेरोच्या ‘दे रे पुब्लिका’ या राज्यव्यवस्थेवरच्या ग्रंथाचा मोठा भाग 1819 मध्ये असाच, त्याच चर्मपत्रावर नंतर लिहिलेल्या संत ऑगस्टिनच्या मजकुराखाली सापडला. दगडावरचं तसंच. सम्राट काराकालानं भाऊ गेटाला मारलं आणि रोममधल्या सेप्टिमियस सेव्हेरसच्या कमानीवरून त्याचं नाव काढायला लावलं. तिथं बदललेली ओळ आजही ओळखू येते.

मुद्रितशोधक प्रूफावर शेपूट वळवलेला ‘डी’ काढतात, तो ‘देले’, म्हणजे ‘काढून टाक’ या आज्ञेचा. आणि 1962 च्या निवडणुकीपासून मतदारांच्या बोटावर लागणारी म्हैसूरची शाई ‘इंडेलिबल’, म्हणजे पुसता न येणारी. नख वाढत गेलं की तीही जाते.