पोलिश भाषेतले लांबलचक शब्द: फोड आणि घडण

पोलिश शब्द लांब होतो तो मूळ शब्दाला मागून-पुढून तुकडे चिकटत गेल्यामुळे. उदाहरण नेहमी एकच देतात, 'कोन्स्तान्तीनोपोलितान्यचिकोव्यानेच्का', रोमन लिपीत मोजून 32 अक्षरं. कोन्स्तान्तीनोपोल म्हणजे कॉन्स्टँटिनोपल शहर (आजचं इस्तंबूल), त्याला '-इतान्यचिक' लागलं की तिथला रहिवासी (आपलं कोल्हापूरकर मधलं '-कर' समजा), मग '-ओव्यान्का' लागलं की तिथली मुलगी, आणि '-एच्का' आलं की ती मुलगी पण छोटीशी. रोजच्या बोलण्यात हा शब्द कोणी वापरत नाही, जिभेचा व्यायाम आहे नुसता. वापरातला लांब शब्द हवा असेल तर 'प्येंचजेशेंचोग्रोशुफ्का' बघा, म्हणजे 50 ग्रोशचं (पोलंडमधल्या पैशांचं) नाणं. यातलं 'प्येंच' म्हणजे पाच, आपल्या 'पंच'चं लांबचं भावंडच. दोन शब्द जोडताना मध्ये बहुतेक वेळा 'ओ' येतो: साम-ओ-लोत, 'आपलं आपण उडणारं', म्हणजे विमान. साम-ओ-हुत म्हणजे तसंच आपलं आपण चालणारं, मोटारगाडी.

आता सिलॅबल, म्हणजे एका दमात उच्चारला जाणारा शब्दाचा तुकडा. व्यंजनांच्या गर्दीकडे बघायचंच नाही, स्वर मोजायचे. 'ख्शोंश्च' म्हणजे भुंगेरा, रोमनमध्ये 9 अक्षरं पण स्वर एकच, म्हणून सिलॅबलही एकच. गोची होते ती 'आय' या अक्षराची, पुढे दुसरा स्वर असला की बहुतेक वेळा तो स्वतः मोजला जात नाही, मागच्या व्यंजनाला फक्त मऊ करतो, आपल्या जोडाक्षरातल्या 'य'सारखा. म्हणून तो 32 अक्षरी राक्षस 12 सिलॅबलमध्येच आटपतो: कोन-स्तान-ती-नो-पो-ली-तान्य-ची-को-व्या-नेच-का. आघात, म्हणजे बोलताना येणारा जोर, शेवटून दुसऱ्या सिलॅबलवर, म्हणजे 'नेच'वर, पोलिशमधला नेहमीचा नियम हाच. 'मातेमातिका'सारखे काही परके शब्द अपवाद, तिथे नीट बोलणारे शेवटून तिसऱ्यावर जोर देतात.

खरी मजा अशी की बोलण्याचे तुकडे आणि अर्थाचे तुकडे जुळत नाहीत. प्रत्यय 'चिक'नंतर सुरू होतो पण बोलताना त्यातला 'क' पुढच्या 'ओ'ला जाऊन चिकटतो, ची-को. मराठीत 'कोल्हापूरकरांना' म्हणताना 'कर'चा 'र' असाच पुढे सरकतो, क-रां-ना, आपल्या लक्षातही येत नाही. लिहिताना ओळ संपली आणि शब्द तोडायचा झाला तर मात्र स्पष्ट दिसणारा उपसर्ग राखतात: 'नादुझिच्ये' (गैरवापर) हा नाद-उझिच्ये असा तुटतो कारण 'नाद' म्हणजे वर, जास्त, आणि 'उझिच्ये' म्हणजे वापर.

बाकी ठिकाणी बरीच मोकळीक आहे. 'श्योस्त्रा' (बहीण) तीन प्रकारे तोडता येतो, श्यो-स्त्रा, श्योस-त्रा, श्योस्त-रा, तिन्ही बरोबर. पण 'एस-झेड', 'सी-झेड', 'आर-झेड' या जोड्या एकाच आवाजाच्या म्हणून तोडायच्या नाहीत, त्यातही 'मार्झनोंच' (थंडीने गारठणं) मध्ये 'आर' आणि 'झेड' वेगवेगळे उच्चारतात, त्यामुळे तिथे बिनधास्त मार-झनोंच.