मायलिन आवरण व प्रतिकारक पेशी

चेतातंतूंभोवतीच्या मायलिन या मेदयुक्त आवरणाची घडण, निगा व दुरुस्ती यांत प्रतिकारक पेशींचा असलेला वाटा. प्रत्यक्ष आवरण गुंडाळण्याचे काम मेंदू व मेरुरज्जूत ऑलिगोडेंड्रोसाइट, तर परिघीय (मेंदू व मेरुरज्जूबाहेरील) चेतांत श्वान (Schwann) पेशी करतात.

या संदर्भात मायक्रोग्लिया या मेंदूतील निवासी भक्षक पेशी सर्वांत महत्त्वाच्या. स्पॅनिश संशोधक पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये रौप्य-रंजनाने (चांदीच्या क्षारांनी पेशी रंगवून) त्या वेगळ्या ओळखल्या आणि त्या भ्रूणाच्या मध्यस्तरातून (तीन मूळ पेशीथरांपैकी मधल्या थरातून) येतात असे मत मांडले. पुढे काहींनी त्यांचा उगम इतर चेताधार पेशींप्रमाणे (चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींप्रमाणे) बाह्यस्तरातून, तर काहींनी रक्तातील मोनोसाइट या पांढऱ्या पेशींपासून मानला. २०१० मध्ये उंदरांवरील वंशमागोवा (पेशींवर खूण करून त्यांच्या पुढील पिढ्या शोधण्याच्या) प्रयोगांत त्यांच्या पूर्वजपेशी भ्रूणाच्या पीतक कोशात आढळल्या. आज हेच मत बहुतांशी ग्राह्य धरले जाते. पीतक कोशातील या पूर्वजपेशी मध्यस्तरीय असल्याने ओर्तेगांचा अंदाज मूळ दिशेने बरोबर ठरतो.

आवरण प्रथम तयार होण्यासाठी मायक्रोग्लिया अनिवार्य नसाव्यात. जनुकीय बदलाने मायक्रोग्लियाविरहित केलेल्या उंदरांतही मायलिन तयार होते. मात्र पुढे ते प्रमाणाबाहेर जाड होते, त्याला घड्या पडतात आणि अखेर ते झिजते (२०२३). झेब्रा माशाच्या पारदर्शक डिंभात (अळीरूप पिलात) मायक्रोग्लिया नको असलेली आवरणे गिळताना दिसल्या आहेत.

दुरुस्तीची पहिली पायरी म्हणजे मोडलेल्या मायलिनचा निचरा. हे अवशेष साचून राहिले तर त्यांच्या पूर्वगामी (अजून अपक्व) पेशींचे ऑलिगोडेंड्रोसाइटमध्ये रूपांतर अडते. तुटलेल्या परिघीय चेतेत श्वान पेशी स्वतःच सफाईला लागतात, मग महाभक्षी पेशी (मोठ्या भक्षक प्रतिकारक पेशी) येतात आणि काही आठवड्यांत मार्ग मोकळा होतो. मेरुरज्जूत याच कामाला महिने, कधी वर्षेही लागतात. गिळलेल्या मायलिनमधील कोलेस्टेरॉल भक्षक पेशीला बाहेर टाकावे लागते. वृद्ध उंदरांत ते साधत नाही, पेशीत त्याचे स्फटिक बनतात, दाह रेंगाळतो व नवे आवरण नीट चढत नाही.

निचऱ्यानंतर भक्षक पेशी दाहशामक रूप धारण करून ॲक्टिव्हिन-ए या प्रथिनासारखे घटक स्रवतात. नियामक टी-पेशीही (प्रतिकारक प्रतिसाद आवरणाऱ्या पांढऱ्या पेशी) मायलिनची पुनर्घडण वाढवतात, असे उंदरांत आढळले आहे (२०१७).

मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू व मेरुरज्जूच्या विकारात प्रतिकारक पेशीच मायलिनची हानी घडवतात. मात्र दुरुस्तीलाही प्रतिकारक पेशी लागतात; त्यामुळे दाह सरसकट दडपल्यास दुरुस्तीही खुंटण्याचा धोका संभवतो.