संगोपनातील शिस्त आणि मोकळीक

मुलांना वाढवताना पालक किती नियम घालतात, ते मोडले तर काय करतात आणि मुलाच्या म्हणण्याला घरात किती जागा असते, यावरून संगोपनाचे कडक आणि मोकळे असे दोन ढोबळ प्रकार मानले जातात. मानसशास्त्रात यांचा पद्धतशीर अभ्यास प्रामुख्याने १९६० च्या दशकापासून झाला. घराघरांतला वाद त्याहून फार जुना आहे. मराठीत या विषयाला शब्दांची वाण नाही. कडक बाजूला धाक, दरारा, जरब, दटावणे, रागे भरणे; मोकळ्या बाजूला लाड, कौतुक, मोकळीक; आणि लाडांची हद्द झाली की शेफारणे, लाडावणे, डोक्यावर बसवणे. या दोन्ही टोकांत न बसणारा आणि म्हणूनच सगळ्यांत उपयोगी शब्द म्हणजे वळण. पुण्यात एखाद्या मुलाबद्दल ‘चांगल्या वळणाचा आहे’ असे म्हटले, तर त्याला घरी मार बसतो की नाही हे त्यातून कळत नाही. त्याच्यासाठी कोणीतरी रोज वेळ काढला आहे, एवढे मात्र नक्की कळते.

वळण हा शब्द अक्षरालाही लागतो. पहिलीतले मूल दुरेघी वही घेऊन आईच्या पुढ्यात बसते. आई मागून त्याच्या मुठीवर आपली मूठ ठेवते आणि ‘अ’चा वळसा दोघे मिळून काढतात. रेघेबाहेर गेलेले अक्षर खोडायचे, पुन्हा काढायचे. कागद काळा पडतो, मूल कुरकुरते, आई ‘अजून एकच ओळ’ म्हणून बसवून ठेवते. आठवडाभराने तिचा हात नुसता मनगटाला टेकलेला असतो, मग तोही निघतो. ही सक्तीच आहे. पण सक्ती करणारे माणूस सबंध वेळ शेजारी बसलेले आहे. कडकपणाचे परिणाम निरनिराळ्या समाजांत निरनिराळे का दिसतात, याचे बरेचसे उत्तर या ‘शेजारी बसण्यात’ आहे.

पाश्चात्त्य मांडणी. अमेरिकेत संगोपनाचा सल्ला एका पिढीत उलटा फिरला. वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांनी १९२८ साली मुलांना मिठीत घेऊ नका, मुके घेऊ नका, असे पालकांना बजावले होते. १९४६ साली बालरोगतज्ज्ञ डॉ. बेंजामिन स्पॉक यांनी आईने स्वतःच्या जाणिवेवर भरवसा ठेवावा, मुलाला प्रेमाने वागवावे, असे सांगितले. या ओढाताणीतून कॅलिफोर्नियातील बर्कली येथे मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड (१९२७–२०१८) यांनी बालवाडीच्या वयाची मुले आणि त्यांचे पालक यांचे निरीक्षण केले आणि १९६६ पासून तीन शैलींची मांडणी केली. हुकमी शैलीत ‘मी सांगतो म्हणून’ एवढेच कारण पुरते. सैल शैलीत माया भरपूर, पण मुलाकडून फारशी अपेक्षा नाही. तिसऱ्या, समंजस-ठाम शैलीत नियम पक्के असतात, मात्र त्यांची कारणे सांगितली जातात आणि मुलाचे ऐकून घेतले जाते. एलिनॉर मॅकोबी आणि जॉन मार्टिन यांनी १९८३ साली अपेक्षा आणि जवळीक हे दोन वेगवेगळे अक्ष धरून चौथी, दुर्लक्षाची शैली जोडली.

अक्ष दोन आहेत, हा या सगळ्या मांडणीतला सर्वांत मोलाचा भाग. आपल्याकडे कडक म्हणजे मायेला पारखा आणि मायाळू म्हणजे सैल, अशी एकाच दोरीची दोन टोके समजली जातात. प्रत्यक्षात माणूस कडक आणि मायाळू दोन्ही असू शकतो, आणि सैल असून मुलाकडे ढुंकूनही न पाहणारा असू शकतो. हातात मोबाइल देऊन मुलाला गप्प बसवणे ही मोकळीक नव्हे, हे या मांडणीमुळे नेमके सांगता येते.

समाजांतले फरक. बॉमरिंड यांचे निष्कर्ष प्रामुख्याने गोऱ्या, मध्यमवर्गीय अमेरिकी कुटुंबांवरचे होते. १९९४ मध्ये रूथ चाओ यांनी चिनी घरांचा दाखला देऊन या निष्कर्षांना मर्यादा असल्याचे दाखवले. चिनी वंशाच्या माता प्रश्नावलीत ‘हुकमी’ ठरत, तरी त्यांची मुले शाळेत चांगली चालत. चाओ यांनी ‘ग्वान’ या चिनी शब्दाकडे लक्ष वेधले: त्यात ताबा ठेवणे आणि जिव्हाळ्याने काळजी घेणे हे दोन्ही अर्थ एकत्र आहेत. मराठी वाचकाला हे समजायला भाष्याची गरज नाही. त्याच्याकडे वळण हा शब्द आहे. पण यावरून ‘आशियाई मुलांना कडकपणाच मानवतो’ असा निष्कर्ष काढणे घाईचे होते. अमेरिकेतील चिनी कुटुंबांवर सु योंग किम आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आधार देणाऱ्या पालकांची मुले अभ्यासात आणि मनःस्वास्थ्यात, दोन्हींत अतिकडक पालकांच्या मुलांहून सरस आढळली. उलट स्पेनमध्ये फर्नांडो गार्सिया आणि एन्रिके ग्रासिया यांना २००९ साली माया असलेली सैल शैली समंजस-ठाम शैलीइतकीच, काही बाबतींत अधिकच चांगली ठरताना दिसली. मार्टिन पिनक्वार्ट आणि रुबिना कौसर यांनी २०१८ मध्ये ४२८ अभ्यास एकत्र तपासले. समंजस-ठाम शैलीचा काही ना काही लाभ आणि हुकमी शैलीचे काही ना काही नुकसान जगाच्या सर्वच भागांत आढळले. फरक होता तो प्रमाणाचा.

समाज कडक किंवा सैल का होतात याचा एक धागा पोटापाण्याशी जातो. हर्बर्ट बॅरी, अर्विन चाइल्ड आणि मार्गारेट बेकन यांनी १९५९ साली दाखवले, की धान्य किंवा जनावरे राखून जगणारे समाज मुलांना आज्ञाधारकपणा आणि जबाबदारी शिकवतात, तर शिकारीवर जगणारे स्वावलंबनावर भर देतात. गुरे सोडायला विसरलेले मूल सबंध घराचे नुकसान करते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. मेल्विन कोन यांनी पुढे अमेरिकेत हेच कामाच्या स्वरूपावरून तपासले: ज्यांच्या कामावर वरून सतत देखरेख असते ते घरी आज्ञापालनाला महत्त्व देतात, ज्यांना कामात स्वतः निर्णय घ्यावे लागतात ते मुलाच्या स्वतंत्र बुद्धीला.

पुण्यात हा फरक एकाच शहराच्या दोन टोकांना पाहता येतो, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, पाठोपाठ वाहनांचे कारखाने आले आणि पाळ्यांवर चालणारी हजारो घरे वसली. बाबा रात्रपाळी करून सकाळी झोपले, की दोन खोल्यांच्या घरात चमचाही वाजता कामा नये. मुले डबा घेऊन दबक्या पावलांनी बाहेर पडत. तो कडकपणा स्वभावाचा नव्हता, जागेचा आणि झोपेचा होता. नव्वदच्या दशकाअखेरीपासून हिंजवडीच्या संगणक कंपन्यांत काम करणाऱ्या आईबापांच्या घरी मुलाला ‘तुला काय वाटतं?’ असे चौथीतच विचारले जाते. त्याच घरात दहावीनंतर प्रवेशपरीक्षांच्या क्लासचे वेळापत्रक भिंतीवर लागते, तेव्हा मात्र तो प्रश्न बहुधा मागे पडतो.

वयाचा आणि मुलीचा प्रश्न. भारतीय परंपरा कडक की मोकळी, हा प्रश्नच अपुरा आहे. ती वयाप्रमाणे बदलते. ‘लालयेत् पञ्च वर्षाणि दश वर्षाणि ताडयेत्’ हे सुभाषित पाच वर्षे लाड, पुढची दहा वर्षे ताडन आणि सोळाव्या वर्षी मित्रासारखे वागणे सांगते. मनोविश्लेषक सुधीर कक्कर (१९३८–२०२४) यांनी १९७० च्या दशकाअखेरीस हिंदू घरातल्या मुलग्यांबद्दल लिहिताना हाच सांधा हेरला: चार-पाच वर्षांपर्यंत आईच्या कुशीत अखंड पुरवले जाणारे मूल एकाएकी पुरुषांच्या शिस्तीच्या जगात ढकलले जाते आणि तो धक्का त्याच्यात राहून जातो. जपानमध्येही लहानपणी भरपूर लाड आणि पुढे कडक चौकट असा क्रम आढळतो.

सुभाषितात ‘पुत्र’ आहे, कन्या नाही. मुलीची मोकळीक वयाबरोबर वाढत नाही, कमी होते. सातच्या आत घरात, हा दंडक पुण्यात भाऊ आणि बहीण दोघांना सारखा लागू असलेली घरे अजून मोजकीच. सातवीपर्यंत सोसायटीच्या आवारात भावाबरोबर क्रिकेट खेळणारी मुलगी आठवीत गॅलरीत उभी राहून खेळ पाहते, आणि याला कोणी ‘कडक संगोपन’ म्हणत नाही, काळजी म्हणतात. हा भेद टाळून केलेले शिस्तीचे कोणतेही विवेचन अर्धेच राहील.

मार आणि अबोला. ‘छडी लागे छम छम, विद्या येई घम घम’ हे पिढ्यान्‌पिढ्या कौतुकाने म्हटले गेले. एलिझाबेथ गर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ मध्ये ७५ अभ्यासांतील सुमारे १,६०,००० मुलांची माहिती एकत्र केली. त्यात घरचा साधा धपाटाही तपासलेल्या १७ पैकी १३ बाबतींत वाईट गोष्टींशी जोडलेला आढळला: आक्रमकपणा, चिंता, आईबापांशी दुरावा. चांगल्या परिणामाशी तो जोडलेला आढळला नाही. ‘आपल्याकडे सगळेच मारतात, मुलांना त्याचे काही वाटत नाही’ या युक्तिवादाची परीक्षाही झाली आहे. जेनिफर लॅन्सफर्ड आणि सहकाऱ्यांनी २००५ साली भारतासह चीन, इटली, केनिया, फिलिपिन्स आणि थायलंड या सहा देशांत पाहिले. जिथे मार सर्रास, तिथे त्याचा आक्रमकपणाशी आणि चिंतेशी असलेला संबंध सौम्य होता. नाहीसा झाला नव्हता.

माराची चर्चा होते, अबोल्याची होत नाही. संशोधक, विशेषतः ब्रायन बार्बर, वागण्यावरचे नियंत्रण आणि मनावरचे नियंत्रण असा फरक करतात. मूल कुठे आहे, कोणाबरोबर आहे, किती वाजता येणार, हे ठाऊक असणे आणि त्याला मर्यादा घालणे हे पहिले. ते बहुतेक ठिकाणी मुलांना उपकारकच दिसते. अपराधी वाटायला लावणे, प्रेम काढून घेणे हे दुसरे. त्याचा संबंध नैराश्याशी आणि चिंतेशी लागतो. आपल्याकडे या दुसऱ्या प्रकाराची हत्यारे घरगुती असतात. चाचणीत गुण कमी पडले. आई ओरडत नाही. ताट वाढते, आमटी-भात, बाजूला लोणचे, सगळे जिथल्या तिथे. मूल खाली मान घालून जेवते, ताट मोरीत ठेवते आणि तिच्या पाठीशी जाऊन ‘सॉरी’ म्हणते. ती नळ आणखी मोठा सोडते. हे दोन दिवस चालते. या घरात कोणी हात उगारत नाही, म्हणून पुष्कळदा त्याची गणना मोकळ्या घरांत होते. ‘तुझ्यासाठी मी काय काय सोडलं’ आणि ‘शेजारचा बघ’ याच जातीचे. प्रस्तुत लेखकाच्या मते मराठी मध्यमवर्गात मुलांना जी सर्वांत खोल इजा होते ती इथे होते, आणि ती करणाऱ्याला आपण शिक्षा केली असे वाटतही नाही.

एकत्र कुटुंबात याला उतारा असतो. आई रागावली की आजी पाठीशी घालते, पदराआड खडीसाखर मिळते. यावर आईची तक्रार असते की शिस्तीचा विचका होतो. अरब समाजांचा अभ्यास करणारे मारवान द्वैरी यांनी नुसत्या कडकपणापेक्षा विसंगत वागणे मुलांना अधिक बाधते, असे मांडले आहे. पण विसंगती म्हणजे आज ज्या गोष्टीला हसायचे तिलाच उद्या मारायचे. नियम आईचाच राहतो आणि कुशी आजीची असते, तेव्हा मुलाला दोन्हींचा अर्थ बरोबर लागतो.

परिणामांविषयी बोलताना एक अडचण कायम राहते. हट्टी, चंचल मुलाला बोलणी जास्त बसतात, म्हणजे मुलाचा स्वभावही पालकाला घडवतो. रिचर्ड बेल यांनी १९६८ साली हे ठासून मांडले. वर सांगितलेल्यांपैकी बहुतेक अभ्यास संबंध दाखवतात, कार्यकारण सिद्ध करत नाहीत.

महाराष्ट्रातील विचार. मारापासून आणि आमिषापासून मुक्त बालशिक्षणाचा विचार महाराष्ट्रात रुजवला तो ताराबाई मोडक यांनी. भावनगरला गुजराती बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम करून त्या परतल्या आणि १९४५ साली बोर्डीत ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले. पुण्यात १९८७ मध्ये ‘पालकनीती’ हे मासिक निघाले आणि पालकत्व हा स्वतंत्र विचाराचा विषय झाला. गरवारे बालभवनात शोभा भागवत यांनी वर्षानुवर्षे मुलांच्या खेळाबरोबर पालकांशीही संवाद ठेवला.

कायदा. घरातही मुलांना मारण्यावर बंदी घालणारा पहिला देश स्वीडन (१९७९). आज साठहून अधिक देशांत तशी बंदी असून दक्षिण आशियात नेपाळने ती २०१८ साली घातली. भारताने बालहक्क संहिता १९९२ मध्ये स्वीकारली, पण घरापुरता असा कायदा केलेला नाही. शाळेपुरता आहे: १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याचे कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई करते. अंगठे धरून उभे करणे आणि ऊठबशा त्यातच येतात. पालकसभेत अजूनही एखादे वडील मोकळ्या मनाने सांगतात, ‘सर, ऐकला नाही तर खुशाल दोन ठेवून द्या, आमची ना नाही.’ कलमात पालकाच्या संमतीचा अपवाद नाही.