पहिल्या पावसाला न भुलणारे

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांच्या पुढे सरकतो, तेव्हा तापीकाठच्या काळ्या रानात मनगटापर्यंत हात जाईल अशा भेगा पडलेल्या असतात. बांधावरचं गवत करकरीत वाळून मोडलेलं, नाल्यात फक्त गोटे. जूनचे दोन-तीन दमदार पाऊस होऊ द्या. पंधरवड्यात भेगा मिटतात, बांध हिरवे होतात आणि रात्री बेडकांमुळे झोप लागत नाही. सगळे याला निसर्गाची जादू म्हणून मोकळे होतात. मला त्यात जादू कमी आणि हिशोब जास्त दिसतो. कोरड्या मुलखात पहिला पाऊस फसवा असू शकतो. इथे टिकून राहिलेल्या बहुतेक जिवांनी त्या फसवणुकीची तजवीज करून ठेवली आहे.

खान्देश काही वाळवंट नव्हे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असूनही धुळे-शिंदखेड्याकडे वर्षाला साधारण 500 ते 600 मिलिमीटर पाऊस होतो. जैसलमेरला तो जेमतेम 200 मिलिमीटरच्या आसपास असतो. अमेरिकेतल्या ॲरिझोनात, सोनोराच्या वाळवंटात वसलेल्या टक्सन शहरात 300च्या आतच आटोपतो, आणि त्यातला जवळपास निम्मा तिथल्या उन्हाळी मोसमी पावसाचा असतो. आकडे वेगळे असले तरी अडचण सगळीकडे एकच: आज पडला, पण पुढचा कधी?

पहिल्या सरीच्या वासापासूनच सुरुवात करू. 1964 मध्ये ऑस्ट्रेलियातले इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस यांनी दाखवलं, की उन्हाळाभर माती आणि दगड तेलकट द्रव्यं शोषून ठेवतात आणि ओल लागताच ती सुटतात. त्यात मातीतल्या स्ट्रेप्टोमायसीस जिवाणूंनी तयार केलेल्या जिओस्मिन या वासाच्या द्रव्याची भर पडते. इथवरची गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असते. पुढची मला जास्त महत्त्वाची वाटते. पुढच्याच वर्षी या दोघांनी तेच तेल बियांवर वापरून पाहिलं, तर बियांची उगवण मंदावली. ज्या वासाने आपण हरखतो, त्याच द्रव्याने बियांना मात्र लगाम बसतो.

कॅलिफोर्नियात फ्रिट्स वेंट यांनी याहून सोपा प्रयोग केला. वाळवंटातली बी असलेली माती आणली आणि पाणी दिलं. खालून ओल चढू दिली तर माती चिंब झाली, पण बी हललं नाही. वरून पावसासारखं शिंपडलं तेव्हा मात्र अंकुर फुटले. शिंपडणंही पुरेसं हवं, निदान अर्धा इंच, म्हणजे सुमारे 12 मिलिमीटर. यापैकी कित्येक बियांच्या सालीत उगवण रोखणारी रसायनं असतात. तुटपुंज्या शिडकाव्याने ती जात नाहीत. पाणी वरून खाली भरपूर वाहिलं, ती धुऊन गेली, तरच बी जागं होतं. म्हणजे बीच्या अंगावर चक्क पर्जन्यमापक बसवलेला असतो.

आपल्याकडच्या तरोट्याची आणि बाभळीची तऱ्हा निराळी. त्यांच्या बीला टणक कवच असतं, पाणी आत शिरतच नाही. उन्हाने तापून, मातीत घासून किंवा शेळीच्या पोटातून जाऊन ते कवच झिजावं लागतं. बाभळीखाली शेळ्या बसवतात तिथे सकाळी पाहा. रात्रभर रवंथ करताना थुंकलेल्या चकचकीत तपकिरी बिया पडलेल्या असतात. सगळ्यांचं कवच सारखं झिजत नाही, त्यामुळे काही यंदा उगवतात, काही पुढच्या वर्षी, काही त्याच्याही पुढे.

हे 'काही आत्ता, काही नंतर' गणितात पहिल्यांदा नीट मांडलं ते डॅन कोहेन यांनी, 1966 मध्ये. समजा एका झाडाच्या शंभर बिया आहेत. चांगल्या वर्षी प्रत्येकीपासून दहा होतात, वाईट वर्षी शून्य. सगळ्या दरवर्षी उगवल्या तर पहिल्याच वाईट वर्षी वंश बुडाला. निम्म्या झोपून राहिल्या तर चांगल्या वर्षी कमाई थोडी घटते, पण खेळ चालू राहतो. टक्सनच्या डेझर्ट लॅबोरेटरीत लॉरेन्स व्हेनेबल यांनी वर्षानुवर्षं हंगामी रोपं मोजली, तेव्हा हेच दिसलं: ज्या जातींचं नशीब वर्षागणिक जास्त हेलकावे खातं, त्या जाती जास्त बी मातीत राखून ठेवतात. ती रोपं हिवाळी पावसावर येणारी होती, पण गणित तेच.

बेडकांना मात्र असं बी राखून ठेवता येत नाही. त्यांचा सगळा भर वेगावर. सोनोरातला कुदळपायी बेडूक वर्षातले आठ-दहा महिने जमिनीखाली असतो आणि ओलीपेक्षाही पाऊस-गडगडाटाने जमिनीला बसणाऱ्या हादऱ्यांनी जागा होतो. त्याच रात्री डबक्यावर जमायचं, अंडी घालायची. पुढच्या आठ-दहा दिवसांत पिल्लू पाण्याबाहेर. डबकं लवकर आटू लागलं तर डिंभ, म्हणजे पाण्यातली शेपटीवाली पिल्लं, वाढ आणखी उरकतात, अंगाने बारीक राहिले तरी चालेल. आपल्या दख्खनच्या माळांवरही मागच्या पायाच्या टणक उंचवट्याने माती उकरत उलटा जमिनीत शिरणारा बेडूक आहे. शेतातल्या मोठ्या बेडकाचा थाट तर बघण्यासारखाच असतो. एरवी मळकट हिरवा असलेला नर जोडीदारीण शोधताना हळदीसारखा पिवळा होतो आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगवून ओरडतो.

मखमली लाल मृगाचा किडा ही त्याहून टोकाची कथा. नाव किडा, पण पाय आठ, म्हणजे गोतावळा कोळ्या-विंचवांचा. पहिल्या पावसानंतर वाळवीचे पंखवाले थवे बाहेर पडतात आणि हा त्यांच्यासाठीच वर येतो. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातला त्याचा भाऊबंद पावसानंतरच्या उघडिपीत काही तासच वर असतो. वाळवी खाल्ली, जोडीदार मिळाला, की परत मातीत. बाकी सगळं वर्ष अंधारात.

आता याच मातीत कापूस लावणाऱ्याकडे वळू. तणाच्या बीकडे असलेली ही हुशारी पिकाच्या बीकडे नाही, आणि त्याला जबाबदार आपणच. हजारो वर्षं माणसाने तेच बी निवडलं जे पेरल्याबरोबर एकदम उगवतं. मागे राहणारं बी पुढच्या पेरणीत आलंच नाही. त्यामुळे धूळपेरणी केलेल्या, म्हणजे पावसाआधीच कोरड्या मातीत पेरलेल्या कापसावर मृगाचा एक पाऊस झाला, की ओळीच्या ओळी एकाच वेळी वर येतात. पाठोपाठ पंधरा-वीस दिवसांचा खंड पडला, की सगळ्या एकदम माना टाकतात. मग दुबार पेरणी, पुन्हा बियाण्याच्या पिशव्या, पुन्हा उधारी. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असा सल्ला कृषी खातं दरसाल देतं. वेंटच्या बिया हा सल्ला आपल्या सालीतच बाळगून असतात. अर्थात शेतकरी थांबत नाही यालाही कारण आहे. लवकर लागलेल्या पिकाला पुढे ओल जास्त दिवस मिळते. शिवाय कोरडी माती पहिल्यांदा भिजली की तिच्यातले सूक्ष्मजीव एकदम कामाला लागतात आणि पिकाला उचलता येईल असं नत्र मोकळं होतं. केनियात हॅरी बर्च यांनी 1950च्या दशकात हे मोजून दाखवलं होतं. उशिरा पेरणाऱ्याच्या हातून तो पहिला हप्ता निसटू शकतो.

खंडानंतर पाऊस परततो तेव्हा कापूस करपलेल्या त्याच ओळींत तण मात्र नव्याने उगवतं. पहिल्या पावसाचं तण कोळप्याखाली गेलेलं असतं किंवा उन्हाने जळालेलं असतं. हे दुसरं त्या वेळी मातीत झोपलेलं होतं. ते निंदून काढलं तरी पोळ्याच्या सुमाराला तिसरं येतं, आणि निंदणीची मजुरी पुन्हा द्यावी लागते.