भैरू 'डॉमिनंट' होता का?

भैरू आमच्याकडे आला तेव्हा पावणेदोन वर्षांचा होता. काळा-तपकिरी डॉबरमन, वजन 36 किलो. एका घरानं त्याला वर्षभरानं ब्रीडरकडे परत पाठवलं होतं, दुसऱ्यानं तीन आठवड्यांतच. ब्रीडरनं दोन्ही वेळा त्याला परत घेतलं, हे मला फार मोलाचं वाटतं. पण पट्टा हातात देताना ते म्हणाले, "कुत्रा डॉमिनंट आहे. मालक कोण ते पहिल्या दिवशीच दाखवून द्या, नाहीतर डोक्यावर बसेल."

दाखवायचं कसं, तेही ठरलेलं असतं. गुरगुरला की उताणा पाडायचा, गळ्याला धरायचं, डोळ्याला डोळा भिडवायचा. या सल्ल्याचं मूळ शोधत गेलं की आपण कुत्र्यांपाशी नाही, लांडग्यांपाशी पोचतो. 1947 मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं. ते लांडगे एका लहानशा कुंपणात कोंडलेले होते, त्यांना निघून जायला जागाच नव्हती. साहजिकच भांडणं झाली, आणि त्यातून वरचढ 'अल्फा'ची कल्पना रुजली. अमेरिकी संशोधक डेव्हिड मेक यांच्या 1970 च्या पुस्तकानं ती घरोघरी नेली. पुढे 1986 पासून याच मेक यांनी कॅनडाच्या एल्समिअर बेटावर उन्हाळ्यामागून उन्हाळे मोकळ्या लांडग्यांजवळ काढले. तिथे त्यांना दिसलं ते कुटुंब: आई, बाप आणि त्यांची पोरं. आईबापांना पुढारपण मारामारी करून जिंकावं लागत नव्हतं. 1999 मध्ये त्यांनी तसं स्पष्ट लिहिलं आणि आपलं जुनं म्हणणं दुरुस्त केलं. शास्त्रज्ञानं असं करणं मला फार थोर वाटतं.

म्हणजे वर्चस्व नसतंच असं नाही. रोमच्या वेशीवरच्या मोकाट कुत्र्यांच्या टोळीत कोण कोणापुढे नमतं याची बऱ्यापैकी पक्की उतरंड संशोधकांना आढळली आहे. पण ते दोघांमधलं नातं असतं, एकट्याचा स्वभाव नव्हे. धाकटा असल्याशिवाय कुणी थोरला नसतो, तसंच हे. त्यामुळे नुसतं "कुत्रा डॉमिनंट आहे" म्हटल्यानं काहीच कळत नाही.

मग भैरूचं काय होतं? चौथ्या दिवशी त्यानं माझा मोजा पळवला आणि टेबलाखाली शिरला. मी वाकले. तो जागच्या जागी थिजला, चघळणंही थांबलं. मान मोज्यावर झुकलेली, डोळ्यांच्या कडेला पांढरी कोर, कान मागे चिकटलेले. मग घशातून बारीक गुरगुर. हे काही राज्य करायला निघालेल्या प्राण्याचं अंग नव्हतं, तो घाबरला होता. हात जवळ आला की तोंडातली वस्तू जाते आणि वर मार बसतो, एवढं तो शिकलेला असावा. गुरगुरलं की हात मागे जातो, हेही शिकलेला. ज्यानं काम होतं ते वागणं टिकतं.

अशा वेळी गुरगुरल्याबद्दल मारलं, तर भीती तशीच राहते आणि फक्त इशारा बंद होतो. शिट्टी काढून घेतली म्हणून कुकरमधली वाफ कमी होत नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या वर्तन-दवाखान्यात आलेल्या मालकांची पाहणी 2009 मध्ये प्रसिद्ध झाली. कुत्र्याला मारल्यावर किंवा लाथ घातल्यावर तो उलट अंगावर आल्याचं ते करून पाहिलेल्या 43 टक्के मालकांनी सांगितलं. उताणं पाडणाऱ्यांपैकी 31 टक्क्यांनी.

आम्ही आधी त्याला डॉक्टरांकडे नेलं, कारण दुखणाऱ्या कुत्र्याला हात नकोच असतो. डाव्या कानात जुना संसर्ग निघाला. मग मोज्याचा धडा. मोज्याला हात न लावता तीन-चार फुटांवरून उकडलेल्या चिकनचा तुकडा टाकायचा आणि निघून जायचं. दोन आठवडे फक्त एवढंच. मग एक पाऊल जवळ. माणूस जवळ येतो तेव्हा काही जात नाही, उलट मिळतं, हे त्याच्या अंगात मुरायला तेवढा वेळ लागतोच. भाचरं आली की तो जाळीच्या दारापलीकडे. गर्दीत नेताना तोंडाला मुसकं, तेही आधी घरी त्यात खाऊ ठेवून सवय केलेलं.

हट्टी तो आहेच, पण त्याचा दोष डॉबरमन या जातीवर टाकू नये. 18 हजारांवर कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारून केलेला एक अभ्यास 2022 मध्ये आला. कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यातल्या फरकापैकी जातीवरून उलगडतो तो जेमतेम 9 टक्के. भैरूचा हट्ट आम्ही नाकाकडे वळवला. संध्याकाळचं अर्धं खाणं गच्चीवरच्या कुंड्यांमागे लपवतो. ते हुडकताना तो इतका गढून जातो की खाली फटाका वाजला तरी मान वर होत नाही.

आता दीड वर्ष झालं. मोजा पळवला तर तो स्वतःच स्वयंपाकघराच्या दारात आणून टाकतो आणि फ्रिजकडे बघत बसतो. मटणाच्या नळीवर मात्र अजून गुरगुरतो. तेव्हा आम्ही सोफ्याच्या पलीकडून जातो.