चिप, बोर्ड किंवा चिपचं डिझाइन परदेशी पाठवायचंय? स्कोमेट परवानगीची पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

७ ऑक्टोबर २०२२ ला अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने चीनला जाणाऱ्या प्रगत चिप्सवर आणि त्या बनवणाऱ्या यंत्रांवर निर्बंध आणले. पुढच्या वर्षी जपान आणि नेदरलँड्सनेही यंत्रांसाठी परवान्याची अट घातली. तेव्हापासून एनव्हिडिया, हुआवेई, एएसएमएल ही नावं आपल्याकडेही घरोघर पोचली. पण या गदारोळात एक गोष्ट बाजूला पडते: निर्यातीवर नियंत्रण ठेवणारी यादी भारताचीही आहे, आणि भोसरी, अंबड किंवा वाळूजमधला पंचवीस माणसांचा इलेक्ट्रॉनिक्स कारखानाही तिच्या कक्षेत येऊ शकतो. हिंजवडीत बसून परदेशी कंपनीसाठी चिप डिझाइन करणारे तर येतातच.

या यादीचं नाव स्कोमेट. यादीतला माल परदेशी पाठवायला सरकारची परवानगी लागते. तिचा अर्ज ऑनलाइन आहे आणि फॉर्म एका दुपारी भरून होतो. वेळ जातो तो दोन ठिकाणी: आपला माल यादीतल्या नेमक्या कोणत्या नोंदीत बसतो हे ठरवण्यात, आणि शेवटच्या वापरकर्त्याकडून नीट प्रमाणपत्र मिळवण्यात. ही दोन्ही कामं ऑर्डरवर डिलिव्हरीची तारीख टाकण्याआधी करायची असतात. बहुतेक जण नंतर करतात आणि मग खरेदीदाराला तोंड देत बसतात.

यादी कुठे असते, परवानगी कोण देतं

स्कोमेट म्हणजे विशेष रसायनं, जीव, साहित्य, उपकरणं आणि तंत्रज्ञान. आयात-निर्यात वर्गीकरणाच्या अनुसूची २ चं परिशिष्ट ३ म्हणून ही यादी प्रसिद्ध होते. आधार १९९२ चा विदेश व्यापार कायदा, आणि नियम २०२३ च्या विदेश व्यापार धोरणातल्या व कार्यपद्धती पुस्तिकेतल्या दहाव्या प्रकरणात. यादी अधूनमधून बदलते, म्हणून दोन वर्षांपूर्वी उतरवून ठेवलेल्या पीडीएफवर विसंबू नका.

बहुतेक वर्गांसाठी परवानगी डीजीएफटी, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालय देतं. अणुसामग्रीच्या वर्ग ० साठी अणुऊर्जा विभाग आणि युद्धसामग्रीच्या वर्ग ६ साठी संरक्षण उत्पादन विभाग. चिप्सवाल्यांचं काम मुख्यतः वर्ग ८ शी. हा वर्ग वासेनार व्यवस्थेच्या, म्हणजे अशा निर्यातीवर एकत्र नियंत्रण ठेवणाऱ्या देशांच्या गटाच्या, यादीशी जुळवून घेतलेला आहे. भारत त्या गटाचा सदस्य झाला डिसेंबर २०१७ मध्ये. त्यात ८ए३ खाली इलेक्ट्रॉनिक्स, ८ए४ खाली संगणक आणि ८ए५ खाली दूरसंचार व माहिती सुरक्षा आहे. ‘ए’ च्या जागी ‘बी’ आला तर चाचणी व उत्पादनाची यंत्रं, ‘सी’ म्हणजे साहित्य, ‘डी’ म्हणजे सॉफ्टवेअर आणि ‘ई’ म्हणजे तंत्रज्ञान. त्यामुळे चिप ८ए३ मध्ये असेल तर तिचं डिझाइन ८ई३ मध्ये आहे का, हेही बघावं लागतं.

पुणेकरांना या नियंत्रणाची दुसरी बाजू चांगली ठाऊक आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेने क्रे महासंगणक द्यायला नकार दिला, त्यातून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संगणन संशोधन संस्था उभी राहिली आणि १९९१ मध्ये तिचा परम ८००० हा महासंगणक आला. तुर्भ्याचं भाभा अणुसंशोधन केंद्र अमेरिकेच्या निर्बंध यादीतून बाहेर आलं ते थेट जानेवारी २०२५ मध्ये.

कोणाला लागते

निर्यातदाराकडे आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड हवा. तो आता पॅनच्या क्रमांकावरच मिळतो. उत्पादक असो, व्यापारी असो की सेवा देणारी कंपनी, अर्ज कोणीही करू शकतं. फक्त माल दुसऱ्याने बनवलेला असेल तर त्याच्याशी झालेल्या कराराची प्रत लागते.

माल विकला नाही म्हणून सुटका होत नाही. फुकट नमुना, प्रदर्शनात ठेवायचा बोर्ड, दुरुस्तीला आलेला आणि परत जाणारा संच, सगळं निर्यातच. आणि इथेच आयटीवाले फसतात: डिझाइनची फाइल ईमेलने पाठवणं किंवा परदेशातल्या सहकाऱ्याला सर्व्हरवरून उतरवून घेऊ देणं हीसुद्धा तंत्रज्ञानाची निर्यात आहे. कस्टमचा माणूस मध्ये नाही, म्हणून कायदा मध्ये नाही असं होत नाही.

एसईझेडमधल्या, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रातल्या, युनिटला बाहेरदेशी पाठवताना परवानगी लागते. देशातून एसईझेडमध्ये माल देताना ती लागत नाही, पण विकास आयुक्तांना कळवावं लागतं.

माल यादीत आहे की नाही, हे ठरवायचं कसं

सगळ्यात नेहमीचा गैरसमज एचएस कोडचा, म्हणजे कस्टमसाठी मालाचा प्रकार सांगणाऱ्या क्रमांकाचा. ‘आमचा कोड ८५४२ आहे, तो फ्री आहे’, म्हणजे त्याच्या निर्यातीवर बंधन नाही, असं सांगितलं जातं. ८५४२ म्हणजे इंटिग्रेटेड सर्किट, बस. चार रुपयांची चिपही त्यात आणि उपग्रहात बसणारीही त्यातच. स्कोमेट ठरतं तांत्रिक गुणांवर, म्हणून डेटाशीट, म्हणजे चिपचं तांत्रिक माहितीपत्रक, उघडून यादीच्या शेजारी ठेवून वाचायला पर्याय नाही. हे काम निर्यात कारकुनाचं नाही, डिझाइन इंजिनिअरचं आहे. दोघं एका टेबलाशी बसले तर तासाभरात निकाल लागतो.

एक उदाहरण घेऊ. डेटाशीटच्या पहिल्या पानावर कामाच्या तापमानाचा पट्टा असतो. प्रोसेसर, मेमरी, अ‍ॅनालॉग-टू-डिजिटल कन्व्हर्टर, एफपीजीए (बनल्यानंतर हवी तशी जुळवता येणारी चिप) अशा ठरावीक जातींची चिप १२५ अंश सेल्सिअसच्या वर चालायला प्रमाणित असेल, किंवा उणे ५५ च्या खाली, किंवा उणे ५५ ते १२५ या अख्ख्या पट्ट्यात, तर वासेनारच्या नोंदीनुसार ती नियंत्रणात येते. आता गंमत बघा. तीच चिप उणे ४० ते १२५ अशी प्रमाणित असेल तर या नोंदीतून सुटते. शिवाय नागरी मोटारगाड्या आणि रेल्वेसाठी बनवलेल्या चिप्सना या नोंदीत सूट आहे, आणि चाकणच्या वाहनउद्योगाला माल देणाऱ्यांसाठी ही ओळ सोन्यासारखी आहे. मात्र सूट तापमानाच्या नोंदीपुरतीच. तीच चिप किरणोत्सर्ग सोसणारी असेल तर ती दुसऱ्या नोंदीत अडकते. तिथली एक मर्यादा किरणोत्सर्गाच्या एकूण मात्रेची आहे: ५,००० ग्रे (ग्रे हे त्या मात्रेचं एकक) किंवा जास्त.

एफपीजीएसाठी वेगळे निकष आहेत: एकेरी डिजिटल इनपुट-आउटपुटची संख्या ७०० हून जास्त, किंवा सिरियल ट्रान्सीव्हरचा एकूण एकमार्गी वेग सेकंदाला ५०० गिगाबिट आणि वर. एन्क्रिप्शन असलेली उपकरणं ८ए५ च्या दुसऱ्या भागात बघायची. दुकानात सर्रास मिळणाऱ्या वस्तूंना तिथे सूट असते, पण ती सूट कोणत्या अटींवर लागते हे लेखी नोंदवून ठेवा.

यादीत नाही असं ठरलं तरी एक अडथळा राहतोच. हा माल संहारक अस्त्रांच्या किंवा क्षेपणास्त्रांच्या कामी जाणार आहे असं तुम्हाला माहीत असेल, तर यादीत नसलेली वस्तूही पाठवता येत नाही. २००५ चा सामूहिक संहाराच्या अस्त्रांविषयीचा कायदा इथे लागतो. ग्राहकाची वेबसाइट नाही, पत्ता एका मालवाहतूक एजंटचा आहे, बसवून द्यायला माणूस नको म्हणतो आणि भाव न करता पैसे आधी द्यायला तयार आहे, अशी ऑर्डर आली तर आनंदाआधी संशय यायला हवा.

कागदपत्रं

मुळात चार-पाचच आहेत. परदेशी खरेदीदाराची खरेदी ऑर्डर किंवा करार, मालाची तांत्रिक माहिती, शेवटच्या वापरकर्त्याचं प्रमाणपत्र, आयात करून पुन्हा निर्यात करत असाल तर आयातीचं बिल ऑफ एंट्री, आणि उत्पादक वेगळा असेल तर त्याच्याशी केलेला करार. तांत्रिक माहिती म्हणून अख्खं ब्रोशर चिकटवू नका. यादीतल्या नोंदीत जे निकष आहेत तेच घेऊन, प्रत्येकासमोर आपल्या मालाचा आकडा असा एक पानाचा तक्ता द्या.

खरी डोकेदुखी ते वापरकर्त्याचं प्रमाणपत्र. ते त्याच्या लेटरहेडवर, अधिकृत माणसाच्या नाव-हुद्दा-सहीसह, विहित नमुन्यात हवं. मधे वितरक, एजंट, माल उतरवून घेणारा असे कोणी असतील तर साखळीतल्या प्रत्येकाचं हवं. त्यात हा माल सांगितलेल्या कामाखेरीज वापरणार नाही, त्यात फेरफार किंवा त्याची नक्कल करणार नाही, परवानगीशिवाय पुढे कोणाला देणार नाही, असं लिहून द्यावं लागतं. भारत सरकारला जागेवर तपासणीची मुभा हाही या प्रकरणातला एक भाग आहे. परदेशी ग्राहकाचा वकील इथे हमखास काट मारतो, मग पत्रव्यवहार सुरू होतो. म्हणून कोटेशनबरोबरच कोरा नमुना पाठवून द्यावा, हे माझं ठाम मत.

‘औद्योगिक वापरासाठी’ एवढंच लिहिलेलं प्रमाणपत्र परत येणार हे धरून चाला. ‘अमुक शहरातल्या अमुक रुग्णालयाच्या एमआरआय यंत्राच्या नियंत्रण बोर्डात, इतके नग’, अशा शब्दांत हवं. खरेदी ऑर्डरवरचा नगांचा आकडा, प्रमाणपत्रावरचा आकडा आणि अर्जातला आकडा एकच असावा. कंपनीच्या नावात एका ठिकाणी ‘लिमिटेड’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘एलएलसी’ असला तरी शंका निघते.

अर्ज आणि त्यानंतर

डीजीएफटीच्या पोर्टलवर आयईसी जोडलेल्या खात्यातून स्कोमेटचा अर्ज भरायचा, कागद चढवायचे, डिजिटल सही किंवा आधार ई-साइन करायची. अर्ज आंतर-मंत्रालयीन कार्यगटाकडे जातो. त्यात परराष्ट्र मंत्रालय, अणुऊर्जा, अवकाश, डीआरडीओ, इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालय अशा खात्यांचे प्रतिनिधी असतात. ते बघतात ते तुमचा कारखाना नव्हे, तर समोरचा ग्राहक कोण, त्याचं म्हणणं पटण्यासारखं आहे का, मालाचा रस्ता कुठून कुठून जातो आणि वाटेत तो भलत्याच हातात पडण्याची शक्यता किती. पोर्टलवर शंका विचारली गेली की उत्तर लगेच द्या. उत्तर आलं नाही तर अर्ज तसाच पडून राहतो.

मिळालेली परवानगी साधारण २४ महिने चालते. तिचा क्रमांक शिपिंग बिलावर येतो, आणि माल पोहोचल्याचा पुरावा नंतर द्यावा लागतो. तोच माल, तोच ग्राहक, तोच वापर असेल तर पुन्हा येणाऱ्या ऑर्डरसाठी सोपी वाट आहे. स्वतःच्या परदेशी उपकंपनीत साठा ठेवून तिथून विकायचा असेल तर त्यासाठीही वेगळी परवानगी आहे.

डिझाइन सेवेवाल्यांनी मात्र ऑर्डरगणिक अर्ज करत बसू नये. २०१९ मध्ये आलेली कंपनी-अंतर्गत हस्तांतरणाची सर्वसाधारण परवानगी त्यांच्यासाठीच आहे. परदेशी मूळ कंपनीने इथल्या उपकंपनीकडे वर्ग ८ मधलं सॉफ्टवेअर किंवा तंत्रज्ञान पाठवलं, इथे डिझाइन, चाचणी, पडताळणी झाली आणि ते परत गेलं, असा प्रवाह एका सेवा कराराखाली चालत असेल तर ती लागू होते. ठरवून दिलेल्या देशांपुरतीच, आणि कंपनीत अंतर्गत अनुपालनाची व्यवस्था आहे हे दाखवावं लागतं. दूरसंचार आणि माहिती सुरक्षेच्या वस्तूंसाठीही अशाच सर्वसाधारण परवानग्या नंतर आल्या.

अमेरिकेचा नियम वेगळा सांभाळा

भारताची परवानगी हातात आली म्हणून अमेरिकेचा नियम संपत नाही. तुमच्या बोर्डावर अमेरिकी मूळाची नियंत्रित चिप असेल, तर तो बोर्ड तिसऱ्या देशात जाताना अमेरिकी कायदा मागे येतो. सर्वसाधारणपणे नियंत्रित अमेरिकी भागांची किंमत मालाच्या किमतीच्या २५ टक्क्यांहून जास्त असेल तर. इराण, उत्तर कोरियासारख्या देशांसाठी ही मर्यादा १० टक्के आहे, आणि काही वस्तूंना ही सवलतच नाही. उलट अमेरिकेने २०२२ नंतर एकटीने घातलेल्या एआय चिप्सच्या अटी वासेनारच्या यादीत नाहीत. म्हणून दोन्ही याद्या स्वतंत्रपणे तपासायच्या, एकीवरून दुसरीचा अंदाज बांधायचा नाही.

तिथले नियम बदलतातही भराभर. जानेवारी २०२५ मध्ये देशांची तीन गटांत विभागणी करणारा एआय चिप्सचा नियम जाहीर झाला, त्यात भारत मधल्या गटात होता. मे महिन्यात तो मागे घेतला गेला. पुरवठादाराकडून प्रत्येक भागाचा निर्यात वर्गीकरण क्रमांक लेखी मागून घ्या, आणि ग्राहकाचं नाव अमेरिकेच्या निर्बंध यादीत आहे का ते माल निघायच्या दिवशी पुन्हा बघा.

चुकलं तर

विदेश व्यापार कायद्याखाली दंड किमान १०,००० रुपये आणि कमाल मालाच्या किमतीच्या पाचपट, शिवाय आयईसी निलंबित होऊ शकतो. लहान कारखान्याला दंडापेक्षा हे निलंबन जड जातं, कारण मग साधा मालही बंदरावर अडतो. २००५ च्या कायद्याखाली विनापरवाना निर्यातीला ३ ते २० लाख दंड, आणि पुन्हा तोच गुन्हा केला तर ६ महिने ते ५ वर्षं कैद.

कागद ५ वर्षं जपायचे. त्यात फक्त परवानगी आणि बिलं येत नाहीत. ‘हा माल यादीत नाही’ असं तुम्ही ज्या डेटाशीटवरून ठरवलं ती प्रत, तो एक पानाचा तक्ता, ठरवणाऱ्या इंजिनिअरची सही आणि तारीख, आणि डिझाइनच्या फाइली कोणाला कधी पाठवल्या त्या सर्व्हरच्या नोंदीही येतात. इंजिनिअर नोकरी सोडून जायच्या आधी त्याच्या लॅपटॉपमधून हे सगळं काढून घ्या.