पार्श्वभूमी: 50 टक्के गेन म्हणजे शून्य कसा?

रेडिओ कंट्रोल हेलिकॉप्टरच्या मॉडेलवर नवा पायलट पहिल्यांदा टेल जायरो, म्हणजे शेपटाचे नको असलेले वळण सावरणारे उपकरण, बसवतो तेव्हा हातातल्या ट्रान्समीटरच्या मेनूत गेनचा, म्हणजे जायरोने किती जोराने सावरावे याचा, आकडा भरावा लागतो. किती ठेवावा ते कळत नाही, म्हणून सुरक्षित मधला आकडा समजून तो 50 ठेवतो. हेलिकॉप्टर जमिनीवरून जरा हलके झाले की नाक गर्रकन फिरते, स्किड, म्हणजे खालची पायपट्टी, कलंडते आणि पाती मातीत घुसतात. मग जायरो खराब निघाला असे वाटते. प्रत्यक्षात त्या ट्रान्समीटरवर 50 म्हणजे जायरो बंद. दुसऱ्या एखाद्या ट्रान्समीटरवर तोच 50 अगदी योग्य ठरला असता. हा घोटाळा का झाला हे समजायला जायरो कसा बदलत गेला ते पाहावे लागते.

1970 च्या सुमारास जर्मनीत रेडिओ कंट्रोलवर नीट उडणारी हेलिकॉप्टरे तयार झाली तेव्हा त्यांच्यात जायरो नव्हता. थ्रॉटल वाढवला की मुख्य पात्यांच्या उलट धक्क्याने, म्हणजे टॉर्कने, नाक एका बाजूला पळायचे आणि ते रडरच्या, म्हणजे शेपूट वळवणाऱ्या, स्टिकवर अंगठ्याने सावरायचे. थ्रॉटल-पिचबरोबर (पिच म्हणजे पात्यांचा कोन) टेलचे पिचही आपोआप बदलावे म्हणून पुढे मिक्सिंग आले. त्याला ‘रिव्होल्यूशन’, बोलीत ‘रेव्हो’ मिक्सिंग म्हणतात. पण ते अंदाजाने दिलेले उत्तर होते. वाऱ्याची झुळूक आली की रेव्हो मिक्सिंगला त्याचा पत्ताच नसे.

मग यांत्रिक जायरो आले. छोट्या मोटरच्या दोन्ही टोकांना पितळी चकत्या आणि ती मोटर स्प्रिंगने धरलेल्या चौकटीत. मॉडेल वळले की फिरत्या चकत्या चौकट तिरकी करत, तो तिरकेपणा सेन्सर मोजे आणि टेलच्या सर्व्होला, म्हणजे शेपटाच्या पात्यांचा कोन बदलणाऱ्या छोट्या मोटरला, उलट्या दिशेची हालचाल मिळे. डबी जड होती, बॅटरी खात होती, आणि एका आपटण्यात बेअरिंग जात. तिच्यात एक मूलभूत अडचणही होती. वळण वाऱ्याने आले की पायलटने मागितले, हे तिला कळत नसे. पायलटने रडर दिला तरी ती त्यालाही विरोध करायची. गेन जास्त ठेवला तर हॉवर (एका जागी तरंगणे) घट्ट, पण पिरुएट (जागच्या जागी गिरकी) रखडत. कमी ठेवला तर पिरुएट मोकळी, पण हॉवर ढिला. म्हणून उडता उडता गेन बदलता यावा अशी सोय झाली: हॉवरला एक, कसरतींना दुसरा. त्यासाठी मॉडेलमधल्या रिसीव्हरचा एक चॅनेल, म्हणजे संदेशाची एक वाट, खर्ची पडला. गेनचा वेगळा चॅनेल हा त्या काळाचा वारसा आहे.

90 च्या दशकात पिएझो जायरो आले. सिरॅमिकची बारीक कांडी सतत कंप पावते, मॉडेल वळले की कोरिऑलिस बलाने कंपाची दिशा ढळते आणि ती ढळ मोजली जाते. फिरणारे काहीच नाही. व्हिडिओ कॅमेऱ्यात हलते चित्र स्थिर करायला हेच सेन्सर वापरले जात. जायरो हलका झाला, झटपट झाला, पण तापमानाला हळवा राहिला. मे महिन्यात एसी गाडीतून मॉडेल काढून तापलेल्या माळावर ठेवले आणि लगेच उडवले, की दोन मिनिटांत शेपूट हळूहळू सरकू लागे. म्हणून जुने पायलट मॉडेल आधी दहा मिनिटे बाहेर ठेवत, मग पॉवर देत, आणि जायरो शून्य शोधत असताना त्याला हातही लावू देत नसत. ती सवय अनेकांच्या अंगात आजही आहे आणि ती मोडायचे कारण नाही.

याच दशकाच्या उत्तरार्धात ज्या बदलाने सारे पालटले त्याला नाव मात्र फार चुकीचे मिळाले. कोणी ‘हेडिंग होल्ड’ म्हणाले, कोणी ‘हेडिंग लॉक’, एका जपानी उत्पादकाने ‘एव्हीसीएस’ अशी आद्याक्षरे जोडली. ऐकणाऱ्याला वाटते, जायरोला होकायंत्रासारखी दिशा कळते. तसे काही नाही. त्याला कळतो फक्त वळण्याचा वेग. जुना जायरो वळण थांबवायचा आणि विसरून जायचा. नवा जायरो वेगाची बेरीज ठेवतो. वाऱ्याने नाक दहा अंश सरकवले तर ते दहा अंश त्याच्या हिशेबात राहतात आणि ते परत मिळेपर्यंत तो सर्व्हो ढकलत राहतो. म्हणजे तो दिशा धरत नाही, हिशेब धरतो.

त्याबरोबर स्टिकचा अर्थच बदलला. जुन्या मोडमध्ये, ज्याला ‘नॉर्मल’ किंवा ‘रेट’ म्हणतात, स्टिक सर्व्होची जागा सांगते. हेडिंग होल्डमध्ये स्टिक वळण्याचा वेग मागते. हे मनात बसले नाही तर पुढच्या दोन गोष्टी हमखास बिघाड वाटतात. पहिली, टेबलावर ठेवलेल्या मॉडेलला रडर देऊन स्टिक सोडली तरी सर्व्हो मध्यावर येत नाही, एका टोकाला जाऊन बसतो. मागितलेले वळण मिळाले नाही, म्हणून हिशेब उघडाच राहतो. दुसरी, ट्रिम, म्हणजे स्टिकचा मध्य थोडा सरकवणे. जुन्या मोडमध्ये ट्रिमने सरकणारे शेपूट थांबायचे. हेडिंग होल्डमध्ये ट्रिमची एक टिक म्हणजे ‘सावकाश फिरत राहा’ असा आदेश. रेव्हो मिक्सिंगचेही तसेच, म्हणून या मोडमध्ये ते बंद ठेवावे लागले.

दोन मोड आणि गेन, पण चॅनेल एकच. उत्पादकांनी तो मधोमध चिरला. पल्सच्या, म्हणजे चॅनेलमधल्या विजेच्या ठोक्याच्या, लांबीच्या मध्यबिंदूवर, 1520 मायक्रोसेकंदांजवळ, गेन शून्य. एका बाजूला जावे तसा हेडिंग होल्डचा गेन वाढतो, दुसऱ्या बाजूला नॉर्मलचा. युक्ती हुशारीची होती. ट्रान्समीटर बनवणाऱ्यांनी मात्र ती आपापल्या पद्धतीने मांडली. काहींनी उणे 100 ते अधिक 100. काहींनी 0 ते 100, म्हणजे मधले 50 शून्य. काहींनी मोड वेगळा निवडायला दिला आणि आकडा त्या मोडपुरता ठेवला. एकाचा 75 तो दुसऱ्याचा अधिक 50. मैदानावर ‘तुझा गेन किती?’ या प्रश्नाला ट्रान्समीटर कोणता हे सांगितल्याशिवाय उत्तरच नाही, आणि तरीही नुसत्या आकड्याने सल्ले दिले जातात. त्यातून किती पाती तुटली असतील!

2000 च्या आसपास हे जायरो सामान्य हौशी माणसाच्या आवाक्यात आले आणि जलद डिजिटल सर्व्होही आले. जायरोवर डिजिटल सर्व्होचा बारका स्विच असे. तो चालू ठेवून साधा अ‍ॅनालॉग सर्व्हो लावला तर सर्व्हो तापून जळे. काही टेल सर्व्हो 760 मायक्रोसेकंदांच्या अरुंद पल्सचे निघाले, तो आणखी एक सापळा.

याच काळातला एक वाद अजून मिटलेला नाही: जुळणी कोणत्या मोडमध्ये करायची? जुना शिरस्ता असा. मोड नॉर्मल, ट्रिम आणि सबट्रिम शून्य, सर्व्होचा हॉर्न (दांडा) शेपटाकडे जाणाऱ्या रॉडला काटकोनात. मॉडेल हातात धरून नाक डावीकडे वळवायचे. सर्व्होने उजव्या रडरसारखे हलले पाहिजे. उलटे हलले तर जायरोची दिशा बदलायची, नाहीतर मॉडेल उडताच भोवऱ्यासारखे फिरेल. मग हॉवर करायचा. नाक सरकले तर ट्रिमला हात न लावता उतरायचे आणि रॉडची लांबी बॉल लिंकच्या, म्हणजे टोकाच्या सांध्याच्या, एकेका आट्याने बदलायची. हात सोडला तरी नाक स्थिर राहिले की मगच हेडिंग होल्ड.

दुसरा पक्ष म्हणतो, एवढा खटाटोप कशाला? स्लायडर, म्हणजे शेपटाच्या पात्यांचा कोन बदलणारी सरकती कडी, शाफ्टच्या मधोमध ठेवा, दोन्ही बाजूंना सारखा प्रवास द्या, बाकीचे जायरो शोधून काढेल. दोन्हीकडची पिरुएट सारखी होते, हा त्यांचा मुद्दा खरा आहे. तरी माझे मत पहिल्या बाजूचे आहे. हेडिंग होल्ड चुका झाकतो. नॉर्मल मोडमध्ये अडकणारा स्लायडर, ढिली बॉल लिंक, वाकलेला रॉड लगेच उघडे पडतात, कारण शेपूट दर वेळी निराळ्या जागी थांबते. हेडिंग होल्डमध्ये तोच ढिलेपणा शेपटाच्या सावकाश डोलण्यात दिसतो, पायलट गेन कमी करत जातो आणि मूळ दुखणे तसेच राहते. गेन खरोखर जास्त असेल तर शेपूट डोलत नाही, बारीक आणि जलद थरथरते. हा फरक डोळ्यांना कळू लागला की निम्मे काम झाले.

आपल्याकडे पुष्कळांनी या विषयात पाऊल टाकले ते मात्र छोट्या इलेक्ट्रिक मॉडेलमधून. रिसीव्हर, जायरो, मिक्सर आणि स्पीड कंट्रोल एकाच डबीत, शेपटाला वेगळी मोटर, आणि स्क्रू ड्रायव्हरने फिरवायची दोन बटणे: गेन आणि मिक्सिंगचे प्रमाण. ती मोटर एकाच बाजूला ढकलू शके, म्हणून जुळणी कितीही केली तरी एका दिशेचे वळण लंगडेच राही.

पुढे सिलिकॉनवर कोरलेले जायरो आले आणि फोन, गाड्या, खेळांची यंत्रे यांच्या मागणीने स्वस्त झाले. 2010 च्या सुमारास तीन अक्षांचे फ्लायबारलेस (मुख्य पात्यांवरचा स्थैर्य देणारा दांडा नसलेल्या मॉडेलचे) कंट्रोलर रुळले आणि स्वतंत्र टेल जायरो मागे पडत गेला. गेनबरोबर आता पी, आय, डी असे आकडे आले. आय म्हणजे हेडिंग होल्डचा तोच हिशेब. हेडिंग होल्डमध्ये बंद ठेवावे लागणारे रेव्हो मिक्सिंगही परतले आहे, पण ट्रान्समीटरमध्ये नाही. पिच वाढताच शेपटाला आगाऊ दिलेला धक्का आता कंट्रोलरच्या पोटातून निघतो, ‘प्रीकॉम्प’ या नावाने, आणि जायरोचा हिशेब तो जाणून असतो. रिसीव्हरपासून कंट्रोलरपर्यंत आता एकच वायर येते, सगळे चॅनेल तिच्यातूनच. त्यांत टेल गेनचा चॅनेल अजून आहे, आणि कित्येक कंट्रोलरमध्ये त्याचा शून्य अजून मधोमधच आहे.